पालकाची सही

तेजस्विनी खाली बसेना.

चौथीच्या वर्गातली बाकीची सोळा पोरं बसकरपट्टीवर मांडी घालून पाढे म्हणत होती आणि ही एकटी भिंतीला चिकटून उभी होती. नंदाने दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी आवाज चढवला, तेव्हा पोरगी गुडघ्यांवर आली, पण टेकली नाही. तशीच ताठ राहून तिने तेराचा पाढा म्हटला, तोही बिनचूक.

"काय झालं गं?"

"खाटंवरनं पडले, बाई."

दोन हजार सात साल नुकतंच लागलं होतं. शेवरवाडी हे घोडेगावहून एसटीने पाऊण तासावरचं गाव. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी सावळेराम गुरुजींकडे, मुख्याध्यापकही तेच. तिसरी-चौथी नंदा ठोंबरेकडे. नंदा शिक्षणसेविका होती. तीन वर्षं बिनतक्रार भरली की कायम, नाहीतर घरचा रस्ता. तिची तीन वर्षं येत्या जूनमध्ये भरत होती. जुन्नरकडच्या धनगरवस्तीवरून डी.एड. झालेली ती पहिलीच मुलगी. बाप जानकू अजून मेंढरांमागे गावोगाव फिरत होता आणि लेकीची नोकरी कायम झाली की आपण काठी ठेवणार, असं भेटेल त्याला सांगत होता.

तेव्हा खाटेवरून पडल्याची गोष्ट नंदाने त्या दिवशी मान्य करून टाकली. शिष्यवृत्तीची परीक्षा महिन्यावर आली होती. शाळेत त्या परीक्षेला बसवण्याजोगी मुलं तीनच, आणि त्यात तेजस्विनी पहिली. शिवाय ती सरपंचाची पोर. सरपंच भरतशेठ म्हणजेच ग्राम शिक्षण समितीचा अध्यक्ष. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचं मोटारपंपांच्या वाइंडिंगचं दुकान होतं आणि शाळेला पाण्याची टाकी, पंखे, झेंड्याचा खांब सगळं त्यानेच दिलेलं. "पोरगी जिल्ह्याच्या यादीत आली पाहिजे, बाई," असं तो नंदाला मोटारसायकल थांबवून सांगायचा. सराव परीक्षेचा प्रत्येक पेपर तपासून घरी पाठवायचा आणि पालकाची सही घेऊन परत आणायचा, हा नियमही त्याच्याच आग्रहाने सुरू झालेला.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत तेजस्विनी पुढे उभी होती. तिच्या निळ्या स्कर्टला मागे डाग दिसला. सुकलेलं रक्त. नंदाच्या मनात आधी दुसरंच आलं, की एवढ्या लवकर? नऊ वर्षांची तर आहे. गुरुजी केंद्राच्या मीटिंगला गेले होते. नंदा तिला ऑफिसच्या खोलीत घेऊन गेली, दार लोटलं आणि म्हणाली, "मला बघू दे."

पोरीने स्कर्ट घट्ट धरून ठेवला. मग एकाएकी सोडून दिला, जणू धरून धरून कंटाळली होती.

मांड्यांच्या मागे आणि कमरेवर वळ होते. काठीचा वळ सरळ उठतो. हे वळ टोकाला वळलेले होते, दुमडलेल्या वायरीसारखे. काही लाल आणि ओले, काही जांभळे, काही पिवळे पडून विरत आलेले. खाटेवरून पडलेल्या माणसाच्या अंगावर एका वेळचा एकच रंग असतो. इथे तीन रंग होते.

"कोण मारतं तुला?"

तेजस्विनीने स्कर्ट नीट केला, पिन लावली. दारापर्यंत गेली आणि तिथून, पाठ तशीच ठेवून, म्हणाली, "बाई, पेपर घरी नका पाठवू."

पोरं गेल्यावर नंदाने कपाटातून सराव परीक्षांचा गठ्ठा काढला. दिवाळीपासून सात पेपर झाले होते. तेजस्विनीच्या प्रत्येक पेपरवर नंदाच्या लाल शाईचे गुण आणि खाली भरतशेठची ठसठशीत सही. गुण नव्वदच्या वर असले की दुसऱ्या दिवशी हजेरीपटात पोरगी हजर. गुण खाली आले की दुसऱ्या दिवशी गैरहजर, नाहीतर हजर आणि त्याच आठवड्यात नंदाच्याच अक्षरातला शेरा: 'वर्गात लक्ष नाही, चुळबुळ करते.' एका पेपरवर तर तिने लिहिलं होतं, 'पालकांनी लक्ष द्यावे.' त्याखाली सही होती. पालकांनी लक्ष दिलं होतं.

तो गठ्ठा मांडीवर घेऊन नंदा बराच वेळ बसून राहिली. शाळा बंद करायची राहिलीय, हे कुशाबाई, तिची घरमालकीण, बोलवायला आली तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींना सांगितलं. सावळेराम गुरुजी खुर्चीत बसून पोषण आहाराचा तक्ता भरत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

"तू पाह्यलंसच कशाला?" ते म्हणाले.

"गुरुजी, रक्त होतं."

"गेल्या साली पण व्हतं." गुरुजींनी आता मान वर केली. "तुला काय वाटलं, मला डोळे न्हाईत? बत्तीस वर्षं नोकरी झाली माझी. आपल्या गावात पोराला चार फटके देत न्हाई असं एक घर दाव. बापाचा मार तो. शिकावं म्हनून मारतो."

"वायरीनं?"

"हळू बोल." गुरुजींनी दाराकडे पाहिलं. "माझी दोन वर्षं राह्यली. तुझे चार महिने. तुझ्या अहवालावर सही माझी लागतीय आणि अध्यक्षाची पण. एवढं ध्यानात ठेव आणि वर्गावर जा."

"मी लिहून देते. तुम्ही फक्त आवक नंबर टाका."

"लिहून दिलंस तर मी फाडीन," गुरुजी शांतपणे म्हणाले आणि पुन्हा तांदळाच्या रकान्याकडे वळले.

नंदाला वाटलं, आईशी बोलावं. भरतशेठ सकाळी जुन्नरला जायचा तो संध्याकाळीच परतायचा. दुपारच्या सुट्टीत ती त्यांच्या घरी गेली. ओसरीवर तेजस्विनीची आजी बाळाबाई लसूण निवडत बसली होती. सून दारात उभी राहिली, पदर तोंडाशी धरून.

नंदाने जपून सुरुवात केली. पोरगी हुशार आहे, पण भेदरलेली असते, वर्गात बसवत नाही तिला. बाळाबाईने लसणाची कुडी तशीच सुपात टाकली.

"बाई, तुमी शिकवायला आलाय का घरं तपासायला? पोर आमची, मार आमचा. माझ्या भरतला त्याच्या बापानं उलटा टांगला व्हता इहिरीत. झाला का न्हाई सरपंच?"

नंदा उठली. कुंपणापाशी पोचली तोच सून मागून आली. नंदाला क्षणभर धीर आला, आता ही काही बोलेल. ती बोललीच.

"लाल शाईनं मार्क तुमी घालता. पेपर तुमी धाडता. आन् वर इचारायला तुमीच येता?" तिचा आवाज बारीक होता पण धारदार. "आज तुमी आला, हे सासूबाई रातच्याला सांगतील. मग माझी बी पाळी. परत माझ्या दारात पाय ठेवू नका."

"पेपर पाठवणं बंद करू का?"

"बंद केले तर म्हनतील पोरीनं लपवले. मग डब्बल." तिने कुंपणाची कवाडी ओढून घेतली. नंदा रस्त्यावर, ती आत.

मग नंदाने तिला सुचली ती वाट धरली. पुढच्या पेपरात तेजस्विनीला चौऱ्याहत्तर गुण पडत होते. नंदाने ब्याण्णव लिहिले. पोरीने पेपर हातात घेऊन आकडा पाहिला, नंदाकडे पाहिलं, आणि घडी घालून दप्तरात ठेवला. दुसऱ्या दिवशी ती हजर होती, सही होती, आणि ती खाली मांडी घालून बसली होती. त्याच्या पुढच्या पेपराला नंदाने त्र्याण्णव दिले. दहा दिवस असे गेले. नंदाला वाटू लागलं की परीक्षा होईपर्यंत असंच निभावेल, मग सुट्ट्या लागतील, मग पोरगी पाचवीला दुसऱ्या शाळेत जाईल. त्या दहा दिवसांत तिला झोपही बरी लागली. पुढे त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

भरतशेठ एका गुरुवारी सकाळी, वर्ग भरलेला असताना, बूट न काढता आत आला. हातात पोरीकरवी शाळेतून परत मागवलेले दोन पेपर आणि एक मार्गदर्शक. जुन्नरहून आणलेल्या त्या पुस्तकात उत्तरं दिली होती. रात्री बसून त्याने एकेक प्रश्न ताडून पाहिला होता.

"ह्ये सतरावं गणित," तो पेपर नंदाच्या तोंडासमोर धरून म्हणाला. "उत्तर चूक. तुमी बरोबर दिलंय. अठरावं, चूक. तेविसावं, चूक. तुमाला गणित येत न्हाई का तुमी माझ्या पोरीला चढवून ठेवताय?"

तेजस्विनी जमिनीकडे बघत होती.

"तपासताना चूक झाली असेल," नंदा म्हणाली.

"दोन पेपरात अठरा चुका? आन् माझ्या माघारी माझ्या घरी काय करत व्हता तुमी? माझ्या आईला काय इचारत व्हता?" तो वळला, पोरांवरून नजर फिरवली आणि लेकीवर थांबवली. "मेंढरामागं फिरणाऱ्याची पोर मास्तरीण केली की असंच व्हायाचं. तेजू, दप्तर घे. घरी चल."

तेजस्विनी उठली. नंदा मध्ये उभी राहू शकली असती. दारात तीन पावलं टाकायची होती. ती टेबलाला धरून उभी राहिली आणि बाप-लेक तिच्या समोरून गेली.

शुक्रवारी पोरगी आली नाही. शनिवारी सकाळच्या शाळेला आली. उजवं मनगट सुजून कोपरापर्यंत निळं झालं होतं. तिने पेन्सिल डाव्या हातात धरली आणि फळ्यावरची तारीख उतरवायला लागली. अक्षरं वाकडीतिकडी येत होती, तरी ती लिहीत होती. नंदा जवळ गेली तेव्हा पोरीने मान वर न करता, कोणालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं, "तुमी खोटे मार्क का दिले?"

शाळा साडेदहाला सुटली. नंदा गुरुजींना काही बोलली नाही. अकराच्या एसटीने ती घोडेगावला उतरली आणि सरळ पोलीस ठाण्यात गेली. टेबलावर एक पिकल्या मिशांचे हवालदार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा थांबवून तारखा विचारल्या. हजेरीपटाच्या आणि पेपरांच्या तारखा तिने एका कागदावर उतरवून आणल्या होत्या.

"तक्रार तुमच्या नावानं घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"नाव गुपित राहील का?"

"कागदावर राहील. पण मॅडम, शाळेत शिक्षक दोन. गुरुजी आले नाहीत म्हणजे तुम्ही आलात. शेवरवाडीला काय एवढा हिशेब यायचा नाही?" हवालदारांनी पेन तिच्यापुढे ठेवलं. "मी भीती घालत नाही. सही करण्याआधी माणसाला माहीत असावं, म्हणून सांगितलं."

नंदाने सही केली. सही नेहमीसारखी आली नाही. हवालदारांनी ती पुन्हा, नीट, करायला सांगितली.

दुपारी तीनच्या सुमारास जीप शेवरवाडीत शिरली. बरोबर एक महिला शिपाई होती आणि नंदाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीण बाईंनी पोरीला तपासलं, फोटो काढले. मनगट मोडलं होतं आणि ते पहिल्यांदा मोडलेलं नव्हतं. हाड आधी एकदा तुटून वाकडं जुळलं होतं. डॉक्टरीण बाईंनी तसं लिहून दिलं. अवसरी बुद्रुकहून आईचे आईवडील, सोपान आणि साळुबाई, यांना बोलावलं. सोमवारी पुण्याला बालकल्याण समितीपुढे पोरीला नेलं, आणि समितीने तिला तूर्त आजोबांच्या ताब्यात दिलं. भरतशेठला अटक झाली आणि तिसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला.

त्या शनिवारी पोरीला जीपमध्ये बसवताना नंदा जवळ होती. तिला वाटलं होतं, पोरगी तिचा हात धरेल. तेजस्विनीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती मागे वळून आईकडे बघत राहिली, आणि आई उंबऱ्यात बसून ओरडत होती, "माझं लेकरू पळवलं हिनं! माझं घर बुडवलं!"

सोमवारी नंदा शाळेत पोचली तेव्हा दाराला कुलूप होतं, पण शाळेचं नव्हे. पंचवीस-तीस माणसं पटांगणात उभी होती. पुढे भरतशेठचा चुलता धर्माजी.

"ह्या बाईची बदली झाल्याबिगार शाळा उघडायची न्हाई," तो म्हणाला. "आज सरपंचाच्या घरात पोलीस घातले, उद्या आमच्या घालंल. पोरं आमची हायेत का सरकारची?"

"तुम्ही पोरीचा हात बघितलाय का, धर्माजी मामा?"

"मामा म्हनू नको मला."

सावळेराम गुरुजी झेंड्याच्या खांबाला टेकून उभे होते. नंदाने त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी यांना कायदेशीर मार्गानं जा म्हणालो होतो. मला विचारल्याशिवाय गेल्या. मी तर असलं काही पाहिलेलं नाही." तेच त्यांनी पुढे जबाबातही दिलं.

बायका सकाळी पाण्याला जाताना नंदाच्या खोलीवरून जायच्या आणि मोठ्याने बोलायच्या. वर्गातली पोरं रस्त्यात दिसली की तिला "बाई" म्हणेनाशी झाली, तोंड फिरवून पळायची. चौथ्या दिवशी कुशाबाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात नंदाचा वाळत घातलेला गाऊन होता, घडी घातलेला.

"बाई, तू खरं बोलली असशील. खरंच बोलली. पन माझी इहीर त्यांच्या बांधाला लागून हाय. उन्हाळ्यात ते पाण्याला वाट देत्यात म्हनून माझा कांदा भिजतो." तिने गाऊन खाटेवर ठेवला. "उद्या दुपारपत्तुर खोली रिकामी कर."

नंदा घोडेगावला राहायला गेली. तिथून रोज एसटीने यायची, बंद शाळेसमोर दहा ते पाच बसायची, एका कागदावर हजेरीची सही करायची आणि परत जायची. बारा दिवस ती अशी बसली. कोणीतरी एकदा शेणाचा पो मारला. तो साडीवर सुकवून ती तशीच पाचच्या गाडीने गेली.

त्याच आठवड्यात जानकूचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उठला. काढणी झालेल्या रानात तो दरसाल शेवरवाडीत मेंढरं बसवायचा. लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी आग्रहाने बोलवायचे. यंदा धर्माजीची माणसं आली आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता मेंढरं उठवा. पावणेदोनशे मेंढरं, चार कोकरं त्याच सकाळी जन्मलेली. जानकूने ती टोपलीत घालून घोड्यावर लादली आणि भर उन्हात शीव ओलांडली. संध्याकाळी तो घोडेगावला लेकीच्या खोलीवर आला. आत आला नाही.

"आज्यापासनं ह्या गावात बसत आलो," तो म्हणाला. "कुनी कधी खडा मारला न्हाई. आज मारला."

"लागलं का, आबा?"

"मला न्हाई. मेंढीला. पाय गेला तिचा." त्याने पागोट्याचा शेव सोडून पुन्हा खोचला. "तुला शाळंत धाडली ती ह्यासाठी? दुसऱ्याच्या पोरीपायी आपल्या पोटावर पाय द्यायला?"

नंदा म्हणाली, "तुम्ही कधी मला मारलं नाही, आबा. मारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं."

"न्हाई मारलं, त्याचं फळ ह्ये," जानकू म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. पाच महिने तो तिच्याशी बोलला नाही.

शाळा उघडावी म्हणून नंदाला डोंगराच्या बाजूच्या एका वाडीवर हलवण्यात आलं. गुरुजींनी तिच्या सेवा अहवालात 'वरिष्ठांशी समन्वय नाही' असं लिहून ठेवलं होतं. त्याचे खुलासे देता देता कायम होणं अकरा महिने लांबलं. तिला मात्र त्या अकरा महिन्यांपेक्षा दर महिन्याला येणारी निनावी पत्रं जास्त छळायची. त्यात तिच्या बापाच्या मेंढरांची आणि तिच्या चारित्र्याची चर्चा असायची, आणि अक्षर ओळखीचं असायचं. पोषण आहाराच्या तक्त्यात ते अक्षर तिने रोज पाहिलं होतं.

खटला दोन हजार नऊच्या हिवाळ्यात उभा राहिला. आई साक्षीला आली आणि म्हणाली, म्हशीने पोरीला गव्हाणीवर ढकललं होतं. पोलिसांनी आधी लिहून घेतलेला जबाब तिने साफ नाकारला. मग नंदाची पाळी आली. भरतशेठचा वकील जुन्नरचा होता, मोठ्या आवाजाचा.

"तुमच्या वडिलांची मेंढरं गावानं उठवली, हे खरं?"

"खरं."

"त्याचा राग मनात धरून तुम्ही तक्रार केलीत."

"तक्रार आधी झाली. मेंढरं नंतर उठवली."

"तुम्ही पेपरात खोटे गुण दिलेत, हे खरं?"

"खरं."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता."

"त्या दोन पेपरात लिहिलं," नंदा म्हणाली. "मार चुकावा म्हणून लिहिलं. चुकला नाही. तो जास्त बसला. माझी ती चूक आहे. पण मनगट मी मोडलेलं नाही."

वकील खाली बसला नाही, अजून अर्धा तास त्याने तिला पिळून काढलं. तुमचं लग्न का झालं नाही इथपर्यंत तो गेला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याला थांबवलं.

शेवटी तेजस्विनी. आता बारा वर्षांची, उंच झालेली, केस कापलेले. तिला न्यायाधीशांच्या खोलीत नेलं. आत काय झालं ते बाहेर कोणालाच कळलं नाही. वीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा भरतशेठ बाकावरून उठून म्हणाला, "तेजू." हाक मऊ होती. पोरगी जागीच थबकली, साळुबाईच्या पाठीमागे गेली आणि तिथून, नखांनी आजीचा दंड धरून, उभी राहिली.

पंधरवड्याने निकाल लागला. भरतशेठला सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलासाठी त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि तो आपल्या मोटारसायकलवरून घरी गेला. पोरगी अवसरीलाच राहील, असं मात्र ठरलं. कोर्टाच्या पायऱ्यांवर तेजस्विनीची आई नंदाच्या समोर आली. तिच्या कानाखाली एक जुनी, पांढरी पडलेली खूण होती.

"झालं मनासारखं?" तिने विचारलं. "आता त्यांच्या हाताला घरात मी एकटीच राह्यले."

"तुम्हीही तक्रार देऊ शकता, ताई," नंदा म्हणाली. बाई तिच्या पायाजवळ थुंकली आणि निघून गेली. त्यानंतर नंदाने दोनदा तिच्या माहेरच्या पत्त्यावर पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

निकालाच्या त्याच दुपारी एसटी स्टँडवर साळुबाई नातीला घेऊन मंचरच्या गाडीची वाट बघत होती. नंदा तिथे गेली.

"तुमच्या मनानं लई चांगलं झालं असंल, बाई," साळुबाई म्हणाली. ती आता थकली होती. "पन ही सांभाळायला मला लागतीय. शाळंत पोरींना चावती. रातीची ओरडत उठती. वही दिली तर फाडती. तुमी गाडीत बसून गेला, झालं तुमचं."

"मी येत जाईन, दर रविवारी."

"कशाला? ती तुमच्याशी बोलत न्हाई."

तेजस्विनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून उसाचा करवा सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आता कुठं शिकवता?"

"डोंगराकडच्या वाडीवर. बावीस पोरं आहेत."

"त्यांना मारता?"

"नाही."

"मला मारलं व्हतं तुमी. पट्टीनं."

नंदा उभीच होती. "हो," ती म्हणाली. "एकदा."

"दोनदा."

नंदाने आठवायचा प्रयत्न केला. एक वेळ तिला लख्ख आठवत होती, गृहपाठाची. दुसरी काही केल्या आठवेना.

"दोनदा असेल," ती म्हणाली. "तुला माहीत."

"असंल न्हाई. दोनदाच." पोरीने कांडकं तोडलं, चोथा थुंकला.

मंचरची गाडी लागली. साळुबाई पिशव्या घेऊन उठली, गर्दीत घुसली. तेजस्विनी तिच्या मागे चढली, आणि दारात एक पाय वर, एक खाली असताना वळून म्हणाली, "रविवारी आमची शाळा नसती. यायाचं तर या." कंडक्टरने तिला आत ढकललं आणि घंटी मारली.